दर श्रावणात डळमळणारे आयडलिंग आणि घरगुती धूरयंत्र

सलग तीन वर्षे श्रावण लागला की आमच्या पेट्रोल गाडीचे आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचे मंद चालणे, बिघडत असे. थंड इंजिन नीट सुरू होई, पण तापल्यावर आरपीएम ७०० आणि ११०० यांच्यामध्ये हेलकावे घेई. कुडाळच्या बाजारात गर्दीत थांबावे लागले की गाडी बंद पडे, आणि फोंडा घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की एक झटका बसे. दोन-चार दिवसांत चेक इंजिनचा दिवा लागे आणि स्कॅनरवर पी०१७१ हा कोड दिसे, म्हणजे इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे.

मालवण तालुक्यात, समुद्राच्या जवळ राहणाऱ्या माणसाला अशा वेळी पहिला संशय ओलीचा येतो. जून ते सप्टेंबर घरातले मीठही कोरडे राहत नाही, तेव्हा इग्निशन कॉइलमध्ये ओल शिरली असेल हे कोणालाही पटते. पहिल्या वर्षी प्लग आणि कॉइल बदलली, दुसऱ्या वर्षी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा भाग) साफ करून इंजेक्टर धुतले, तिसऱ्या वर्षी ऑक्सिजन सेन्सर नवा घातला. प्रत्येक वेळी गाडी सुधारली आणि प्रत्येक वेळी पुढच्या श्रावणात दुखणे परत आले. तिन्ही वर्षांची बिले मी शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा त्यांत एकच बाब सामायिक दिसली. प्रत्येक बिलाच्या तळाशी किरकोळ रकमेचा ‘रबर पाइप’ होता. त्या ओळीकडे मी तोवर लक्ष दिले नव्हते. पाइपाच्या सांध्यातून बाहेरची हवा इंजिनात शिरत असेल तरही तोच कोड येतो. गळती कोठे आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यापुढे एकही सुटा भाग बदलायचा नाही, असे त्या दिवशी ठरवले आणि धूरयंत्र, म्हणजे हवेच्या मार्गात धूर सोडून गळती दाखवणारे यंत्र, करायला घेतले.

धूर सोडण्याआधी स्कॅनर काय सांगतो

यंत्र करण्यापूर्वी दुखणे खरोखरच हवेच्या गळतीचे आहे का, हे पाहावे. त्यासाठी ब्लूटूथने मोबाइलला जोडला जाणारा साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारा) पुरतो. त्यात शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम हे दोन आकडे पाहायचे. मोजलेल्या हवेला लागणाऱ्या पेट्रोलपेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल संगणकाला द्यावे लागते आहे, ते या आकड्यांवरून कळते. माझ्या गाडीत दोन्हींची बेरीज आयडलिंगला सुमारे अधिक २० येत होती, आणि इंजिन २५०० आरपीएमवर धरले की अधिक ५ पर्यंत उतरत होती.

हा उतार महत्त्वाचा आहे. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्यूम जोरदार असतो आणि इंजिनाला लागणारी एकूण हवा थोडी असते, म्हणून बारीकशा भेगेतून शिरलेल्या हवेचा वाटाही मोठा ठरतो. आरपीएम वाढला की एकूण हवा वाढते आणि त्याच भेगेचा प्रभाव फिका पडतो. पेट्रोलचा पंप कमजोर असेल किंवा फिल्टर तुंबला असेल तर चित्र उलट दिसते, म्हणजे आयडलिंगला आकडे बरे असतात आणि चढावर, जोर लावल्यावर ते वाढतात. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि त्याच्या ज्वलनाला हवेच्या मानाने इंधन जास्त लागते, त्यामुळे काही गाड्यांत ट्रिम काही टक्के वर सरकलेला दिसतो. मात्र ती वाढ सगळ्या आरपीएमला साधारण सारखीच असते. तेवढ्यावरून गळती शोधत बसू नये.

आणखी एक भेद सांगायला हवा, कारण त्यावाचून वाचकाची दिशाभूल होईल. माझ्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर आहे, म्हणून त्याला चुकवून शिरलेली हवा ‘न मोजलेली’ ठरते आणि पी०१७१ येतो. आपल्याकडच्या पुष्कळ लहान गाड्यांत एमएएफ नसून मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. तेथे गळतीची हवाही दाबात धरली जाते आणि संगणक तिच्या हिशेबाने पेट्रोल देतो, त्यामुळे कोड न येता नुसता आरपीएम चढलेला राहू शकतो. व्हॅक्यूम गेज हाताशी असेल तर समुद्रसपाटीवर सुस्थितीतल्या पेट्रोल इंजिनात आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच पारा इतके वाचन मिळते. किनारपट्टीवर राहणाऱ्यांना उंचीची वजावट करावी लागत नाही, पण घाटमाथ्यावरच्या आंबोलीला हेच वाचन दोन इंचांहून थोडे अधिक कमी येईल.

गळती शोधण्यासाठी चालू इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून आरपीएम बदलतो का हे पाहण्याची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास आहे. तापलेल्या एक्झॉस्टच्या शेजारी ज्वालाग्राही फवारा मारणे मला मान्य नाही, आणि मॅनिफोल्डच्या खालच्या अंगाला तो फवारा पोहोचतही नाही.

यंत्राची घडण

तत्त्व सोपे आहे. बंद डब्यात तेलाने भिजलेली वात तापवायची, तेलाची वाफ होऊन ती थंड होताना बारीक थेंबांचे पांढरे धुके तयार होते, आणि अगदी हलक्या दाबाची हवा देऊन ते धुके इंजिनाच्या हवेच्या मार्गात सारायचे. जेथे भेग असेल तेथून ते बाहेर पडते. तेल जळता कामा नये, फक्त वाफारले पाहिजे.

डबा म्हणून एक लिटरचा रिकामा, स्वच्छ केलेला रंगाचा डबा घेतला. जुना प्रेशर कुकर वापरण्याची सूचना मला एकाने केली होती, पण कुकरची शिट्टी चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाबाला उचलते, आणि आपल्याला लागणारा दाब त्याच्या एक चौदांशाएवढा असतो, म्हणून त्या शिट्टीचा संरक्षणासाठी काही उपयोग नाही. रंगाच्या डब्याचे दाबून बसवलेले झाकण मात्र दाब भलताच वाढला तर स्वतःहून उडते. काचेची बरणी वापरू नये. तडकली तर काच आणि गरम तेल दोन्ही अंगावर येतील.

तापवण्यासाठी विजेच्या शेगडीची कॉइल घेतली. १००० वॅटच्या, २३० व्होल्टच्या कॉइलचा रोध सुमारे ५३ ओहम भरतो. तिचा विसावा भाग कापला की साधारण २.६५ ओहम मिळतात आणि १२ व्होल्टवर त्यातून साडेचार अँपिअर, म्हणजे सुमारे ५५ वॅट उष्णता निघते. एवढी पुरेशी आहे. डिझेल गाडीचा ग्लो प्लग वापरण्याची पद्धतही प्रचलित आहे, पण त्याचे टोक लालबुंद होते आणि वीजही फार खाते, म्हणून मी तो टाळला. कॉइलची दोन टोके झाकणातून पितळी बोल्टांनी बाहेर काढली आणि पत्र्याला वीज लागू नये म्हणून जुन्या इस्त्रीतले चिनी मातीचे मणी व फायबर वॉशर घातले. वीज घरच्या इन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून घेतली, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज बसवला आणि स्विच दोन मीटर तारेच्या टोकाला, बोनेटपासून दूर ठेवला.

वातीचा प्रश्न कोकणात सहज सुटतो. सुती वात काळी पडून जळते, म्हणून काचेच्या धाग्याची वात हवी, आणि फायबरच्या होड्या जेथे बांधल्या वा दुरुस्त केल्या जातात तेथे काचेच्या विणलेल्या कापडाचे तुकडे पडलेले असतात. मालवण, हर्णै, मिरकरवाडा, कोणत्याही बंदराजवळ चौकशी करावी. दाबून केलेली मॅट नको, तिच्यातला चिकट पदार्थ पहिल्यांदा जळून घाण वास देतो. विणलेले कापड हवे. त्याची करंगळीएवढी गुंडाळी केली, तिच्याभोवती कॉइल बसवली आणि गुंडाळीचे खालचे टोक तेलात राहील, पण कॉइल तेलाच्या पातळीच्या दोन सेंटिमीटर वर राहील असे बांधले. हाताळताना हातमोजे घालावेत, कारण ते धागे त्वचेत घुसतात.

तेल म्हणून औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन ५० ते ६० मिलिलिटर वापरले. घरात खोबरेल आहे म्हणून ते घालण्याचा मोह होईल, पण खोबरेल आणि इतर खाद्यतेले तापली की चिकट थर सोडतात आणि तो थर थ्रॉटलवर व सेन्सरवर बसतो. रॉकेल, पेट्रोल, थिनर किंवा ब्रेक ऑइल या डब्यात कधीही घालू नये. हे वाक्य मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. यांपैकी पहिली तीन द्रव्ये बंद डब्यात तापवणे म्हणजे स्फोटाची तयारी करणे होय.

धूर बाहेर नेण्यासाठी फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडून ८ मिलिमीटरची हातभर तांब्याची नळी आणली आणि ती झाकणातून सरळ वर जाईल अशी झाळून घेतली. ती वर चढती असल्यामुळे थंड होऊन जमलेले तेल परत डब्यात ओघळते, गाडीत जात नाही. हवेच्या आगमनाची नळी झाकणाच्या दुसऱ्या कडेला बसवली आणि तिचे तोंड कॉइलकडे नव्हे तर डब्याच्या भिंतीकडे वळवले, कारण तापलेल्या वातीवर ताज्या हवेचा झोत आला तर ती पेट घेऊ शकते. हवेसाठी मत्स्यपेटीचा लहान पंप वापरला. सायकलचा पायपंपही चालेल, पण टायर भरण्याचा कॉम्प्रेसर थेट जोडू नये.

पाण्याचा स्तंभ, ज्यावर सगळी सुरक्षितता उभी आहे

घरी केलेल्या धूरयंत्रांत बहुधा याच बाबीची हयगय होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. हवेचा मार्ग व्हॅक्यूम सहन करण्यासाठी बांधलेला असतो. त्यात आतून जास्त दाब भरला तर इंजिनाचे ऑइल सील सरकू शकतात, प्लास्टिकचे जोड सुटू शकतात आणि जी गळती नव्हती ती आपणच निर्माण करतो. दाब एक पीएसआयच्या (चौरस इंचाला एक पौंड) आत राहिला पाहिजे, आणि पहिल्या प्रयत्नाला अर्धा पीएसआय पुष्कळ होतो. स्वस्तातले टायरचे गेज इतक्या खालचे वाचन देऊच शकत नाही.

येथे गवंडी पाणसळीसाठी वापरतात ती पारदर्शक नळी उपयोगी पडते. एक पीएसआय म्हणजे सुमारे ७० सेंटिमीटर पाण्याचा स्तंभ. पीव्हीसी पाइपचा मीटरभर तुकडा घेऊन खालचे तोंड बंद केले, तो उभा करून पाण्याने भरला, आणि पंप व डबा यांच्यामध्ये टी-जोड घालून त्याची एक शाखा या पाइपात पाण्याखाली सोडली. नळीचे टोक ३५ सेंटिमीटर खोल असेल तर दाब अर्ध्या पीएसआयच्या वर जाताच हवा बुडबुड्यांनी निसटते, आणि ७० सेंटिमीटरला ती मर्यादा एक पीएसआय होते. यात बिघडण्यासारखा एकही भाग नाही. शिवाय गळती मोठी आहे की बारीक, हेही बुडबुड्यांवरून कळते. डबा आणि इंजिन धुराने भरल्यानंतरही बुडबुडे अजिबात येत नसतील, तर पंपाची सगळी हवा कोठून तरी बाहेर पडते आहे.

एक काळजी घ्यावी. काम संपल्यावर डबा थंड होताना आत व्हॅक्यूम तयार होतो आणि गरम तेलात पाणी ओढले जाण्याची शक्यता असते, म्हणून स्विच बंद केल्याबरोबर पाण्यातली नळी आधी बाहेर काढावी.

गाडीला जोडण्यापूर्वी यंत्राचीच परीक्षा करावी. बाहेरची नळी बोटाने दाबून सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावले, तेव्हा माझ्या एका बोल्टापाशी फेस आला. तो दुरुस्त केला नसता तर इंजिन शोधता शोधता डब्याचीच गळती हाती लागली असती.

प्रत्यक्ष तपासणी

इंजिन पूर्ण थंड, चावी काढलेली, गाडी मांगरात (घराशेजारच्या शेडमध्ये) आणि वेळ पहाटेची. किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि त्यात धुराची बारीक रेघ टिकत नाही. मांगराचे दार मात्र उघडे ठेवावे, हे धुके हुंगायचे नसते. जवळ वाळूची बादली आणि अग्निशामक असावा.

एअर फिल्टरच्या खोक्यातून धूर बाहेर येणारच, तो दोष नव्हे, म्हणून तो मार्ग आधीच बंद करावा लागतो. एमएएफ सेन्सरच्या पुढचा रबरी बेलो (घड्यांचा पाइप) मी फिल्टरच्या बाजूने सोडवला, त्याच्या तोंडात मापाचा पीव्हीसी एंड कॅप घालून होज क्लिपने आवळला आणि त्या कॅपला भोक पाडून त्यातूनच धूर आत सोडला. अशाने सेन्सर धुराच्या वाटेबाहेर राहतो आणि त्यावर तेल बसत नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप हाताने ढकलू नये. वीज नसताना ती किंचित उघडीच राहते आणि तेवढी फट धुराला पुरते.

स्विच लावल्यावर मिनिटभरात डब्यात धूर जमला, मग पंप सुरू केला. तीन-चार मिनिटांनी ऑइल भरण्याचे झाकण क्षणभर सैल केले, तेथून धूर आला, म्हणजे पीसीव्हीच्या (इंजिनातली ऑइलची वाफ परत हवेच्या मार्गात नेणाऱ्या व्यवस्थेच्या) मार्गाने क्रँककेसपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीपर्यंत, सगळे भरले हे कळले, आणि झाकण पुन्हा घट्ट केले. एखाद्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे राहिले असतील तर सायलेन्सरमधूनही थोडा धूर येतो, त्याने घाबरू नये. विजेरी सरळ न मारता तिरपी धरावी आणि मागे काळा कपडा असावा, म्हणजे केसाएवढी रेघही उठून दिसते.

वरून मला काही दिसेना. शेजारचा मुलगा मासेमारीच्या होड्यांची इंजिने दुरुस्त करतो, तो गाडीखाली आरसा घेऊन गेला आणि थोड्या वेळाने म्हणाला, “काका, हंयसून धूर येता बघा.” मॅनिफोल्डच्या खालच्या अंगाला, पीसीव्ही व्हॉल्व्हपासून येणारा वीतभर पाइप जेथे निपलवर बसतो, तेथून धूर सावकाश वर येत होता. क्लिप जागेवर होती. पाइप मात्र फुगून पिळपिळीत झाला होता, इतका की बोटाने तो निपलवर गोल फिरे.

तीन वर्षांचा उलगडा तेथे झाला. बिलांतला ‘रबर पाइप’ तो हाच. दर वर्षी तो मऊ पडलेला दिसे, म्हणून मुख्य कामाबरोबर सहज बदलला जाई, आणि गाडी सुधारल्याचे श्रेय कॉइलला, इंजेक्टरला, सेन्सरला मिळे. पण घातला जाणारा पाइप कूलंटसाठीच्या रबराचा होता. ईपीडीएम नावाचे ते रबर गरम पाणी उत्तम सोसते, मात्र ऑइलची वाफ त्याला फुगवते, आणि इंजिन चालू असताना पीसीव्हीच्या पाइपातून सतत तीच वाफ फिरते. बसवल्यापासून दहा-अकरा महिन्यांत तो सैल होई, आणि तो काळ दर वेळी पावसाळ्यातच भरे, कारण आधीची दुरुस्तीही पावसाळ्यातच झालेली असे. ओलीचा त्यात काही संबंध नव्हता. पाइप नायट्राइल रबराचा, ऑइलला टिकणारा हवा होता. मी कंपनीच्या क्रमांकाचा घडीव पाइप मागवला आणि तारेची गंजकी क्लिपही बदलली, कारण खाऱ्या हवेत त्या क्लिपांचा ताण लवकर जातो. दुसऱ्यांदा धूर सोडल्यावर तेथे काही दिसले नाही. ऑइलच्या डिपस्टिकपाशी एक पुसट रेघ उरली होती, ती तिथली ओ-रिंग बदलल्यावर गेली.

धूर दिसला नाही तर

बाहेर उघडणारी गळतीच या पद्धतीने सापडते. कॅनिस्टरचा (टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याचा) पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे ती वाफ इंजिनात सोडणारी झडप, उघडा अडकला असेल तर हवा आतल्या आत मॅनिफोल्डमध्ये जाते आणि बाहेर काहीच दिसत नाही. त्यासाठी आयडलिंगला टाकीच्या बाजूची नळी काढून व्हॉल्व्हच्या तोंडाशी सतत व्हॅक्यूम लागतो का ते पाहावे. ब्रेकचे पेडल कडक लागत असेल तर बूस्टरचा डायफ्रॅम आणि त्याची नळी वेगळी तपासावी. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल तर बाहेरची हवा सेन्सरपाशी ओढली जाऊन खोटाच कमी पेट्रोलचा कोड येतो. अशा वेळी थंड इंजिनात सायलेन्सरच्या तोंडातून धूर सोडावा. पावसात उंदीर बोनेटखाली ऊब शोधत येतात, तेव्हा कुरतडलेल्या बारीक नळ्या आधी नुसत्या डोळ्यांनी पाहून घ्याव्यात.

टर्बो असलेल्या डिझेल गाड्यांत इंटरकूलरचे पाइप दाबाखालीच उघडतात, त्यामुळे एक पीएसआयच्या धुरात ते कधी कधी निर्दोष दिसतात. घाटात जोर कमी आणि काळा धूर जास्त, असे लक्षण असेल तर ती तपासणी दाब नियंत्रित करणाऱ्या साधनासह गॅरेजमध्येच करून घ्यावी.

पेट्रोलच्या टाकीच्या आणि कॅनिस्टरच्या मार्गात मात्र हे घरगुती यंत्र जोडू नये. तेथे पेट्रोलची वाफ असते, आपल्या डब्यात तापलेली तार आणि हवा असते, आणि या तिघांची भेट होऊ द्यायची नसते. त्या मार्गाची तपासणी नायट्रोजनवर चालणारे यंत्र असलेल्या कार्यशाळेकडे सोपवावी.

पाइप बदलल्यावर कोड पुसला आणि दोन दिवस नेहमीसारखी गाडी चालवून ट्रिम पुन्हा पाहिला. आयडलिंगला अधिक ४ आणि २५०० आरपीएमला अधिक ३. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा गेला, दिवा लागलेला नाही. डब्यातले तेल काढून, पत्र्याला आतून बाहेरून लिक्विड पॅराफिनचाच हात लावून यंत्र कागदात गुंडाळून ठेवले आहे, नाहीतर येथल्या हवेत पुढच्या वर्षी झाकण उघडायलाच पत्रा उरणार नाही.